बिनमाराची पदकं

नातीच्या पहिल्या सुवर्णपदकाचे पेढे वाटायला मी स्वतः मजल्यामजल्यावर गेले होते. गुडघे दुखत असताना, आणि लिफ्ट बंद असताना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडलं, पेढा उचलला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मुष्टियुद्धात सुवर्ण? वा. कुणाला मारलं?"

"कुणाला नाही."

"म्हणजे?"

"समोर कुणी नव्हतंच."

काकांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चावला. "पेढा मात्र खरा आहे हं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत मला हे इतक्यांदा समजावून सांगावं लागलंय की आता पाठ झालंय. बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात. बारीक मुली बारीक मुलींशी लढतात, मध्यम मध्यमांशी. आमची नात सगळ्यात वरच्या गटात, हेवीवेट. ऐंशी किलोच्या पुढे. या गटाला खालून मर्यादा आहे, वरून नाही. आता पुण्यात ऐंशीच्या पुढच्या मुली काही कमी नाहीत, पण त्यांतली एकही नाकावर ठोसा खायला तयार होत नाही. त्यामुळे स्पर्धा आली की त्या गटात नाव एकच. आमच्या बाईंचं.

तरी नियम तो नियम. समोर कुणी नसलं तरी पूर्ण तयारीनिशी रिंगमध्ये चढावं लागतं. हातांना पट्ट्या, त्यावर ग्लव्हज, डोक्याला जाडजूड हेडगार्ड, दातांवर माझ्या कवळीच्या थोरल्या बहिणीसारखं दिसणारं रबरी कवच. पंच येतात, रिकाम्या कोपऱ्याकडे एकदा बघतात, हिचा हात धरून वर करतात. टाळ्या. संपलं. पहिल्या वेळी माझा मुलगा शूटिंग करायला उभा राहिला, तर त्याचा फोन उघडेपर्यंत पोरगी सुवर्णपदकाची मानकरी होऊन खाली उतरली होती.

ती बॉक्सिंगला गेली तीही वजन कमी करायला. सूनबाईंची कल्पना. खडकीला एक सर शिकवतात, सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. सूनबाई म्हणाल्या, "सर, हिचं जरा वजन उतरवा." सरांनी नातीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, एखाद्या सोनारानं तोड्याची जोडी बघावी तसं. "उतरवायचं? अहो ताई, मी कित्येक वर्षं असलं वजन शोधतोय. एक ग्रॅम हलवायचा नाही!" सूनबाईंनी तडक रिक्षा बोलावली. नात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आरशासमोर वळून वळून उभी राहिली. तिच्या शरीराकडे बघून कुणी आनंदानं ओरडलं होतं, हे तिला नवीनच होतं.

मला त्या बिनमाराच्या पदकांचं काहीच वाटत नव्हतं. उलट फार कौतुक होतं. कारण आमच्या घरात ती परंपराच आहे आणि ती मी सुरू केलेली आहे.

आमचे हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. गणपतीत बायकांच्या स्पर्धा व्हायच्या, रांगोळी, संगीत खुर्ची वगैरे. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून बॅडमिंटन निघालं. नावं आली दोन. एक माझं, दुसरं समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंचं. म्हणजे थेट फायनलच.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरण होतं. कंबर इतकी बारीक की मी तिच्याकडे सारखं लोकांचं लक्ष वेधत असे. फोटो काढताना श्वास रोखून धरायची, त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक फोटोत मला आत्ताच भूत दिसलंय असं वाटतं. चारचौघांत एक पोळी खायची आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या उभ्या बाकीच्या. फायनलसाठी मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते आणि साडी कशी खोचली की पळताना नाजूक दिसेन याचा आठवडाभर सराव केला होता. शटलला हात लावला नव्हता.

फायनलच्या दिवशी सकाळी समोरच्या बाईंना कळा सुरू झाल्या. दिवस भरलेले असताना त्या बॅडमिंटन कशा खेळणार होत्या हे त्यांनाच ठाऊक, पण त्यांचा बेत पक्का होता. त्या दवाखान्यात गेल्या, त्यांना मुलगा झाला आणि मला कप मिळाला.

शहाण्या बाईनं तो कप कोनाड्यात ठेवून विषय सोडला असता. मी तो घेऊन माहेरी गेले. तिथे फायनलचं वर्णन सुरू केलं. "शेवटपर्यंत काही सांगता येत नव्हतं," असं मी म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं, बाळ केव्हाही येणार होतं. पुढे पुढे वर्णनात माझे फटकेही आले. आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले असायचे. पेपर न हलवता विचारायचे, "आणि शटल परत कोण मारत होतं?" सगळे हसायचे. मी रागावून आत जायची, ओट्याला टेकायची.

तो कप अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. म्हणून मी नातीला एकदा विचारलं, "अगं, तुझी पदकं कुठं असतात? माझ्या कपाशेजारी लाव की."

पदकं चपलांच्या कपाटात होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या बुटांच्या मागे.

"तुझ्या कपाशेजारीच शोभतील," ती म्हणाली. शेवटी नात कुणाची! मी हसले, पण ती हसत नव्हती. पिशवीला गाठ मारत म्हणाली, "आजी, मी बॉक्सर आहे की नुसतीच जाड आहे, हे मला अजून माहीतच नाहीये."

"सरांच्या तिथे पोरांबरोबर खेळतेस ना?"

"ती पोरं हळू मारतात गं. मुलगी आहे म्हणून. नाहीतर सरांना घाबरून. मला एकदा, फक्त एकदा, खरी मॅच हवी. माझ्याएवढी, मला खरंच हरवायला आलेली मुलगी. या वर्षी नाही झाली तर मी सोडणार आहे. पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती आहेत. तिथे काय सांगू, चॅम्पियन आहे, पण कुणाला हात लावलेला नाही?"

मी तिला रव्याचा लाडू दिला. माझ्याकडे बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर असतं. तिनं लाडू घेतला आणि, गंमत बघा, अर्धाच खाल्ला. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मग एका दुपारी सरांचा फोन आला. नात कॉलेजात होती, म्हणून घरच्या फोनवर. सर फोनवरही कवायतीच्या मैदानात असल्यासारखे बोलतात. "आज्जी! पोरगी मिळाली!"

"कुठली? कशी आहे?"

"वारज्याची! उंच आहे, वजनाला आपल्यापेक्षा दोन-तीन किलो जास्तच! विदर्भातनं आलेत लोक, वडील कंपनीत आहेत. राज्याच्या संघाची निवड स्पर्धा आहे ना, तिथं नाव दिलंय तिनं!"

घरात स्थळ सांगून आल्यासारखा उत्साह पसरला. सूनबाईंनी तिचा फोटो शोधून काढला. मुलगा म्हणाला, "खांदे चांगले आहेत." मी म्हटलं, "चेहऱ्यावरून सालस वाटते." नात संध्याकाळी आली, फोटो बघितला आणि खूप वेळ बघतच राहिली. मग रात्रीच्या भाकऱ्या आम्हाला पुरल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

स्पर्धा वारज्याच्याच एका हॉलमध्ये होती, गुरुवारी. सकाळी वजन, दुपारी लढत. दोघींचं वजन झालं. समोरची मुलगी लांबच्या खुर्चीवर आईशेजारी बसून केळं खात होती आणि आमच्याकडे चोरून बघत होती. आमची तिच्याकडे चोरून बघत होती. मध्ये दोन-तीन तास. नातीचे पाय सारखे हलत होते. कपाळाला हात लावून बघितलं तर तव्यासारखं गरम.

आता आमच्या घरात परीक्षेच्या दिवशी टाळूवर तेल घालायची पद्धत आहे. माझ्या आईनं मला घातलं, मी मुलाला घातलं, नातीला तर पहिलीपासून घालत आलेय. डोकं थंड राहतं, लक्ष लागतं. पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली होतीच. पोरगी नको म्हणाली, पण सवयीनं डोकं पुढे केलं. मी चांगलं घसघशीत तेल घातलं. नुसतं टाळूवर नाही, मुळांपर्यंत जिरवलं. तिचे पाय हलायचे थांबले, डोळे मिटले. मला वाटलं, वा! एवढे शिकलेसवरलेले सर, पण हे त्यांना सुचलं नाही.

लढतीला थोडा वेळ उरला तेव्हा सर हेडगार्ड घेऊन आले. त्यांनी ते तिच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि हात काढला. हेडगार्ड सरकलं आणि नाकावर येऊन थांबलं. सरांनी ते वर केलं. ते पुन्हा खाली आलं. सरांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, वास घेतला आणि सावकाश माझ्याकडे वळले.

"आज्जी."

"काय झालं?"

"आज्जी, तुम्ही काय केलंत?"

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. अंगाला, केसांना तेलकट काही चालत नाही, असा म्हणे नियमच आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "काढून टाका. तुमचा पुकारा होईपर्यंत काढलंत तर ठीक, नाहीतर दुसऱ्या बाजूला विजयी घोषित करावं लागेल."

दुसऱ्या बाजूला, म्हणजे केळं खाणाऱ्या त्या मुलीला. हात वर, टाळ्या, संपलं. जे इतके दिवस आमच्या पोरीनं घेतलं, ते आता त्या पोरीला मिळणार होतं. आणि आमची पोरगी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती पहिलीतल्या मुलीसारखी बघत होती, आता आजी काहीतरी करेल म्हणून.

आम्ही दोघी बाथरूमकडे पळालो. म्हणजे ती पळाली, मी तिच्या मागून. नळ फिरवला. नळानं एक सुस्कारा टाकला. गुरुवार! पुण्यात जन्म गेला आणि गुरुवारी पाणी बंद असतं हे मला वारज्यात येऊन आठवलं. टाकीतलं सकाळीच संपलेलं. टॉवेलनं पुसलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे झालं.

तेव्हा मला खडकीच्या क्वार्टर्स आठवल्या. तिथेही पाण्याची बोंबच असायची, आणि आम्ही नटव्या बायका तेलकट केसांना कोरडं डाळीचं पीठ चोळून झटकायचो. पीठ तेल पिऊन टाकतं. त्या बारीक कंबरेच्या बाईनं आयुष्यात एक तरी उपयोगाची गोष्ट शिकून ठेवली होती.

हॉलच्या दारातच वडापावची गाडी होती. मी धापा टाकत पोचले. "अहो, डाळीचं पीठ द्या. कोरडं."

गाडीवाल्यानं झारा कढईत ठेवला. "आजी, इथे वडे मिळतात."

"वडा नकोय. पीठ हवंय. डोक्याला लावायचंय."

"पार्लर पुढच्या चौकात आहे."

"अहो, आत माझ्या नातीची मॅच आहे, तिच्या डोक्यावर मी तेल ओतलंय, ती रिंगमध्ये गेली नाही तर ती बॉक्सिंग सोडणार आणि मी तुमच्या या गाडीसमोर बसून राहणार."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मी बसेन, हे त्याच्या लक्षात आलं. कागदाचा मोठा पुडा करून पीठ भरून दिलं आणि वर म्हणाला, "मीठ, ओवा घालू का?"

बाथरूममध्ये मी ते सगळं पीठ पोरीच्या डोक्यात चोळलं, झटकलं, पुन्हा चोळलं. नंतर अशी घट्ट वेणी घातली की तिच्या भुवया वर गेल्या. सरांनी हेडगार्ड चढवलं. बसलं! तपासणीच्या बाईंनी केसांवर बोट फिरवलं, बोट निरखलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि विचार बदलला. पुकारा झाला.

मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या समोरचा कोपरा भरलेला बघितला.

घंटा झाली आणि दोघी मध्ये येऊन नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कोण आधी सुरुवात करणार, अशी लग्नाच्या पंगतीत होते तशी अवस्था. पंच ओरडले, "बॉक्स!" आणि त्या मुलीनं आमच्या पोरीच्या डोक्यावर असा काही ठोसा मारला की माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तर पोरगी उभी होती, आणि तिच्या हेडगार्डमधून पिवळ्या धुळीचा एक ढग हळूहळू वर चालला होता.

मग तिनं मारला. काय सांगू! सरांच्या त्या पोत्यावर मारते तसा नाही. खांद्यातून, कमरेतून, टाचेतून आलेला. समोरची दोन पावलं मागे गेली, डोकं हलवलं आणि हसली. दातांवर रबर होतं, तरी हसलेलं कळलं. आमचीही हसली. आणि मग दोघींनी जे सुरू केलं ते बघायला बाजूच्या रिंगमधले लोक येऊन उभे राहिले. डोक्याला प्रत्येक ठोसा बसला की जेजुरीला भंडारा उधळावा तसं पीठ उडायचं. दुसऱ्या फेरीत पंच शिंकले. कुणी हळू मारत नव्हतं. कुणी कुणाला घाबरत नव्हतं.

मी काय करत होते? मला वाटलं होतं मी पदर डोळ्यांवर धरून बसेन. नंतर मुलानं व्हिडिओ दाखवला. त्यात एक म्हातारी खुर्चीवर उभी आहे आणि "अगं हाण! डावीकडून हाण! बघतेस काय!" असं ओरडतेय. कंबर कुठेही दिसत नाही. श्वासही रोखलेला नाही.

शेवटची घंटा झाली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. प्रेमानं नाही, उभं राहायला आधार म्हणून. निकाल लागला. पंचांनी हात वर केला तो समोरच्या मुलीचा. गुणांत थोडक्याचाच फरक होता म्हणे, पण फरक तो फरक.

मी खुर्चीवरून उतरले. आता काय बोलावं, लाडू तर घरी. पोरगी दोरांखालून वाकून आली. ओठ सुजलेला, नाक लाल, भुवयांत पीठ.

"आजी! तिनं मला मारलं!" पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा आवाजात.

"बघितलं मी."

"आणि मी पण तिला मारलं!"

"तेही बघितलं."

मागून ती विदर्भाची मुलगी आली. टॉवेलनं तोंड पुसत, सुजलेल्या गालानं. "आजी, एक इचारू का? पयल्या राउंडपासून मले आलूबोंड्याचा वास येऊन रायला होता वो. भूक लागली ना मले! ध्यानच लागे ना."

"बटाटेवडा नव्हे गं, हिच्या डोक्याचा वास तो," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसून हसली. मग म्हणाली, "मलेबी आजलोक कोणी भेटलंच नव्हतं खेळाले. तिकडं नुसता हात वर करून पदक देत होते. काऊन देते, काय मालूम." आणि नातीकडे वळून म्हणाली, "तू रविवारी कुठं खेळतं व?"

आम्ही सगळे बाहेर गेलो. गाडीवाल्यानं विचारलं, "काय झालं मॅचचं?" मी म्हटलं, "हरली." त्यानं दोघींकडे बघितलं. दोघींपैकी हरलेली कुठली, हे त्याला काही ओळखता आलं नाही. दोघींनी मिळून त्याची अख्खी परात संपवली.

घरी आल्यावर नात म्हणाली, पेढे वाटायचे. मी पुन्हा मजल्यामजल्यावर गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडलं.

"सुवर्ण?"

"रौप्य. हरली."

"हरल्याचे पेढे?"

"मार खाल्ल्याचे. आणि दिल्याचेही."

काकांनी दोन घेतले. हे त्यांच्याकडून म्हणजे भाषणच.

आता रविवारी ती वारज्याची पोरगी आमच्याकडे असते. सकाळी दोघी सरांच्या तिथे एकमेकींना बडवतात, दुपारी माझ्या समोर बसून जेवतात. कणीक मळता मळता माझेच खांदे हेवीवेट झाले आहेत. नोकरीच्या मुलाखती होतीलच, पण सोडण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. रौप्यपदक शोकेसमध्ये आहे. माझ्या कपाशेजारी नव्हे, वरच्या फळीवर.

मागे एका रविवारी आपलं जेवण आटोपून ती मुलगी शोकेससमोर उभी राहिली. "आजी, हा कप तुमचा? फायनल कोणाशी खेळल्या होत्या?"

मी तोंड उघडलं. शेवटपर्यंत काही सांगता येत नव्हतं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. नात भात चिवडत माझ्याकडे बघत होती. आजोबांचा पेपर तेवढा तिच्या हातात नव्हता.

"अजून झालेली नाही," मी म्हटलं.

मग फोन घेतला आणि खडकीला लावला. समोरच्या क्वार्टरमधल्या बाई आता मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात, त्याच मुलाच्या, ज्याच्यामुळे मला कप मिळाला. म्हटलं, "अहो, आपली फायनल राहिलीय. पुढच्या रविवारी येता का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "अहो, मी त्या दिवशीही येणारच होते. यानंच घाई केली."

त्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवून मैदान केलं. दोन हेवीवेट शटल आणून द्यायला, दुसऱ्या मजल्यावरचे काका पंच. त्यांनी कुणी न सांगता खुर्ची आणली होती. मी कॅनव्हासचे नवे बूट घातले होते, साडी कशी दिसते ते बघितलं नव्हतं.

हरले. बाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, माझे अजून जुनेच. कप त्या घेऊन गेल्या. काल त्यांचा फोन आला होता, त्यांच्या बहिणीला फायनलचं वर्णन करून सांगत होत्या म्हणे, आणि मी मारलेला एक फटका त्यांना नीट आठवत नव्हता. मी दोन सांगितले.